निनावी कावळा

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत चेअरमन बोरस्तेकाकांविरुद्ध ब्र काढला, की माणूस व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर. म्हणून संतोषने खटपट करून लोकांना एका नव्या मंचावर नेलं. तिथे नाव नाही, नंबर नाही आणि मालकही नाही. लिहिलेलं गावोगावच्या सर्व्हरवर पोचतं, त्यामुळे ते दाबायला कोणाचाच हात पुरत नाही. गर्दी दिसावी म्हणून आईलाही त्याने खातं काढून दिलं.

दुपारी आईला मटार सोलू लागता लागता त्याने 'निनावी कावळा' या नावाने लिहिलं, "टाकीचं पाणी चेअरमनच्या गच्चीवरच्या द्राक्षांना जातं. आम्ही आंघोळ काय मनुके चोळून करायची?"

लिहिलं खरं, पण लगेच उठून तो घरभर फेऱ्या मारू लागला. रविवारी बोरस्तेकाकांच्या योगिनीशी त्याचा साखरपुडा होता.

"बस की एका जागी," आई म्हणाली. "कोणाला कळणारे तूच लिहिलंस ते?"

तरी तो खाली पार्किंगमध्ये जाऊन येरझाऱ्या घालत राहिला. तेवढ्यात मंचावर पहिलं उत्तर आलं, आईचं : "संतोष, छान लिहिलंस बाळा. उसळ झालीय, वर ये."

तो तीन मजले धावत चढला. आईने उत्तर लगेच पुसून टाकलं, पण तोवर ते गावोगाव पोचलं होतं. आणि काढून टाका म्हणून हात जोडावेत, तर मालकच नव्हता.



खाली 'निनावी द्राक्ष' यांचं उत्तर आलं होतं : "जावईबापू, उसळ खाऊन घ्या. आंघोळीला आमच्याकडे या, पाणी भरपूर आहे."