मागं सरक

लहान मुलांसाठीच्या त्या टॅबमध्ये आईबापाचा आवाज भरून ठेवायची सोय होती. लेकरू स्क्रीनच्या फार जवळ गेलं की कॅमेरा ओळखायचा आणि तो आवाज बोलायचा. करमाडच्या करुणानं लेकीसाठी भरलं होतं, "अपू, मागं सरक. किती वेळा सांगू?"

अपूला तापानं जाऊन दोन महिने झाले. तिचे कपडे, पुस्तकं पुण्यानुमोदनाच्या विधीलाच देऊन टाकली, टॅब तेवढा राहिला. आज तो भाचीला द्यायचा म्हणून करुणानं चार्ज करून टेबलावर उभा केला.

"अपू, मागं सरक. किती वेळा सांगू?"

करुणा दारापर्यंत मागं गेली. आवाज पुन्हा आला.

तिच्या नवऱ्यानं, अभयनं, कॅमेऱ्यावर अंगठा धरला. टॅब गप्प झाला. अंगठा काढताच परत बोलला.

"बंदच करतो," अभय म्हणाला.

"नका. लई खेकसायची मी तिच्यावर."

करुणानं जुना आवाज पुसून नवा भरला. हुंदका मधी आला म्हणून दोनदा भरावा लागला. मग टॅब जागेवर ठेवून दोघं समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.

"बस, अपू," टॅबमधून करुणाचा आवाज आला. "पाहिजे तितकी जवळ बस."

स्क्रीनच्या काचेवर वाफेचा एक छोटा ठिपका उमटला. विरला. मग पुन्हा उमटला, पहिल्यापेक्षा मोठा.