दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला, की मास्तरांनी तो दाबायचा. इतक्या वर्षांत मास्तरांचा पाय त्यांचं ऐकेनासा झाला होता. गाडीचा वीट आल्यामुळे घरी ते बसनेच जात. पण बसमध्येही कोणी रस्ता ओलांडताना दिसलं, की पाय आपसूक खाली दाबला जाई.

त्या संध्याकाळी पाय दाबला गेला आणि बस थांबली. पाय सैल सोडला, तशी निघाली. पुढच्या चौकात पुन्हा तेच.

"मी तर ब्रेकला पायसुद्धा लावला नाही," ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला.

मास्तरांनी गुपचूप मांडी घातली आणि उतरेपर्यंत तसेच बसून राहिले.

घरी आल्यावर त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीत अंग टाकलं. खाली रोजचाच गोंगाट होता. आतून बायको म्हणाली, "अहो, चहा टाकलाय, तेवढ्यात जरा..."

खाली एक बाई लेकराला कडेवर घेऊन रस्त्यात उतरली. समोरून मोटार भरधाव आली. मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला.

सगळं थांबलं. मोटार बाईपासून हातभर अंतरावर. बाईचं एक पाऊल अधांतरी. हॉर्न गप्प, नळ गप्प, बायकोचं वाक्य अर्धवट. अशी शांतता मास्तरांनी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. क्षणभर त्यांना बरंच वाटलं.

मग हळूहळू त्यांच्या पोटरीत गोळा यायला लागला.