शेजाऱ्याची संमती

आपल्याच घराला एक खोली जोडावयाची आणि त्यासाठी ज्याच्याशी अकरा वर्षे बोलणे नाही अशा सख्ख्या भावाची संमती मागावयाची, हा मानी मनुष्यास कठीण प्रसंग होय. अभिमान राखावा तर घर अपुरे राहते. घर वाढवावे तर अभिमान खाली ठेवावा लागतो. पुणतांब्याच्या कारभारीअण्णांनी यातून वेगळी वाट काढली. ते स्वतः गेले नाहीत. त्यांनी खाजाभाई गवंड्याला धाडले.

"तात्या, सही करून टाका," शेजारच्या ओट्यावर टेकत खाजाभाई म्हणाला. "अण्णा म्हनतात, तुमच्या सहीबिगर पंचायतीत नकाशा पास व्हत न्हाई."

धाकटे बंधू वैजनाथ यांनी कागद चष्म्याजवळ धरला. "खिडकी कुन्या अंगाला?"

"तुमच्या."

"माझ्या अंगनात काय बघायचंय त्याला?"

"ते मी इचारलं न्हाई."

"मग इचारून ये."

आईच्या दहाव्याला गोदाकाठी कावळा पिंडास शिवला नाही. दोघा भावांनी परस्परांस बोल लावला आणि त्या दिवसापासून एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोन मौने नांदू लागली. पुढे कारभारींची पत्नी कडूबाई निवर्तली. मुलगा राम बंगळूरला स्थिरावला. विधुर वैजनाथांची लेक संस्कृती सासरी गेली. आता दोन्ही घरांत चूल पेटत असे ती एकेका भाकरीपुरती.

कारभारी दारातच उभे होते. "काय म्हनाला? अगदी कसं म्हनाला तसं सांग."

खाजाभाईने सांगितले.

"उजेडासाठी हाय म्हनावं. त्याच्या अंगनात बघन्यासारखं हाय तरी काय? वाळलेली तुळस!" मग त्यांनी विचारले, "बारीक झालाय का रं?"

"झालेत थोडे."

दुसऱ्या दिवशी उजेडाचे उत्तर ऐकून वैजनाथ फणकारले. "त्या खिडकीतनं त्याचा खोकला माझ्या घरात येईल. आधी औषध घे म्हनावं, मग खोलीचं बघू. आन् त्या खोलीत झोपनार कोन?"

"रामदादा येनार हायेत दिवाळीला."

"दर साली येनारच असतो," वैजनाथ हळू म्हणाले.

हे शेवटचे वाक्य खाजाभाईने पलीकडे पोचवले नाही. खोकल्याचे मात्र सांगितले. कारभारींनी त्याच सायंकाळी औषधाची बाटली आणली.

मग पत्र्याच्या उताराची हरकत निघाली. त्यानंतर वाळूच्या ढिगाची. मग पाया किती खोल घ्यायचा त्याची. तीन आठवडे गेले. खाजाभाईची दुसरी कामे खोळंबली.

"अण्णा, मी गवंडी हाय का पोस्टमन?" तो एकदा वैतागून म्हणाला.

"एकदाच जा अजून," कारभारी म्हणाले. "त्याला इचार, पाया किती फूट घेऊ."

खाजाभाई त्या दिवशी वैजनाथांकडे गेला नाही. दिवाळी जवळ येत होती. या हट्टापायी म्हाताऱ्याची खोली राहून जाईल, हे त्याला बघवेना. तो थेट ग्रामपंचायतीत गेला आणि ग्रामसेविका स्नेहल यांच्यापुढे त्याने कागद ठेवला.

"म्याडम, भाऊ काय सही देत न्हाई. अण्णा एकटे हायेत, पोरगं यायचंय. सहीबिगर कायतरी वाट काढा."

स्नेहलने नकाशा पाहिला. "याला सही कशाला हवी? खोली त्यांच्याच हद्दीत आहे, कुंपणापासून जागाही सोडली आहे. परवानगी लागत होती, ती महिन्यापूर्वीच दिली. शेजाऱ्याची संमती यात लागतच नाही."

"मग हे अण्णांना कुनीतरी सांगायला पायजे!"

"परवानगीचा कागद देतानाच सांगितलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी वैजनाथतात्या चौकशीला आले होते, तेव्हा त्यांनाही."

खाजाभाईने टेबलावरून नकाशा उचलला. मग कागदाची घडी खिशात ठेवून, पाया किती फूट घ्यावा हे विचारण्यासाठी, तो वैजनाथांच्या ओट्याकडे निघाला. परमेश्वर त्या दोघा भावांस दीर्घायुष्य देवो, आणि त्यांचे निरोप वाहणाऱ्याच्या पायांस बळ.