चौथं कलम

स्फाक्स शहरातल्या नोटरी सल्वाबाईंनी व्हिडिओ कॉलवर बक्षीसपत्र वाचून संपवलं. म्हाताऱ्या तय्येबची जैतुनाची बाग त्याच्या मुलीच्या, ओल्फाच्या नावावर होणार होती. ओल्फा कॅनडात राहायची. सहा वर्षांत घरी आली नव्हती. आता दोघांनी स्क्रीनवर बोटाने सही केली की काम झालं.

"चौथं कलम कळलं नाही, पुन्हा वाचा," तय्येब म्हणाला.

बाईंनी वाचलं.

"आता सगळंच पहिल्यापासून वाचा."

ओल्फा हसली. "बाबा, चाळीस वर्षं तुम्हीच असले दस्त लिहायचात ना?"

"लिहायचो की. म्हणून तर माहितेय, सही झाली की माणसं उठून जातात."

ओल्फाने सहीसाठी उचललेलं बोट खाली घेतलं.

"बाई, सावकाश वाचा. मी आज दिवसभराची रजा टाकलीय."