कोटाच्या पाठीची चीर

ब्रायटनच्या शिंप्याकडे टेरीची ही चौथी खेप. नव्या कोटाच्या पाठीची चीर साडेचार इंच भरली आणि त्याचं डोकं फिरलं. "पाच म्हणजे पाच! चौसष्ट सालापासून मॉड आहे मी, कडक सुटातल्या पोरांच्या टोळीतला; पोतं नाही घालत!"

ब्रेंडाला वीट आला. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्यापेक्षा त्याच्या इस्त्रीचीच उस्तवार जास्त झाली होती. आजही इस्पितळातून घरी न जाता इथंच यायचा हट्ट.

"अरे, एवढी घाई कशाला? लग्न आहे का कुणाचं?" शिंपी अँड्रियास करवादला.

"माझीच मयत," टेरी आरशातून नजर न काढता म्हणाला. "डॉक्टर नाताळपर्यंत म्हणाले."

अँड्रियासच्या हातातली टेप खाली आली. "मग पेटीत उताणाच असशील ना, बाबा. पाठ कोण बघणार?"

"पालथा पुरीन मेल्याला!" ब्रेंडा कडाडली. "तू पाच इंच कर!"