शेवटच्या मैलाची खडी

“कारभाऱ्याच्या दारात खडी सगळ्यात शेवटी,” वडील म्हणायचे. मिनेसोटातल्या त्या छत्तीस चौरस मैलांच्या टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा, कारभार त्यांनीच पाहिला. वडिलांच्या शेतावर राहिली थोरली व्हर्ना. तिच्या वाट्याला चिखल आला. लग्न होऊन पलीकडे गेलेल्या धाकट्या आर्डिसच्या रस्त्यावर मात्र दरसाल पहिली खडी पडायची. आता वडिलांचा लाकडी हातोडा अध्यक्ष म्हणून व्हर्नाच्या हातात होता. मार्चच्या वार्षिक सभेत एकाच मैलापुरती खडी उरली होती. आर्डिसच्या रस्त्याच्या बाजूने नऊ हात वर झाले, व्हर्नाच्या बाजूने नऊ. बरोबरी झाली, निकाल अध्यक्षांचा. “कसला विचार करतेस, ताई?” आर्डिस हसली, “तुझं दार शेवटीच!” सभेत हशा पिकला. व्हर्नाने हातोडा आपटला. “खडी माझ्या दारात. त्या चिखलात बाबांच्या शवपेटीची गाडी रुतली, तेव्हाही मी तुझ्याच कोरड्या बुटांकडे बघत होते गं. जन्मभर जळले तुझ्यावर.”