आधाराशिवाय

वेल्डरला पक्षाघात झाला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. वीस वर्षं त्याचा मार खाल्लेल्या बायकोनेच त्याला खांद्याचा आधार देत आठ महिने पाऊल पाऊल चालवलं.

आज तो पहिल्यांदा एकटा पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आला.

"गार चहा देतेस मला?"

डाव्या हाताने तवा उचलून त्याने तिच्या डोक्यात घातला. ती कोसळली, तशी कालपर्यंत फरफटणाऱ्या उजव्या पायाने कमरेत लाथ हाणली.

लेक धावत आली. "आई, यासाठी चालवलंस का गं बाबांना?"

ती रक्त पुसत उठली आणि कपाटामागून भरून ठेवलेली बॅग काढली.


"अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टाकून जायला माझा पाय निघत नव्हता गं."